पेन्शनरांचे गाव हातपाय पसरते

बडोद्याला ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणण्याची रीत आम्हा बडोदेकर मराठी मंडळींत पूर्वापार होती. हे बिरुद पुण्यालाही होते आणि धारवाडलाही होते, त्यामुळे बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांना त्याचा अर्थ फोडून सांगायला नको. बरी हवा, स्वस्त भाजी, हाकेच्या अंतरावर देऊळ, संध्याकाळी फेरी मारायला एखादे तळे किंवा टेकडी एवढ्या भांडवलावर गावाला ते नाव मिळते. बडोद्याची गोष्ट मात्र थोडी निराळी. पुण्याला पेन्शनर मुंबईची नोकरी उरकून यायचा आणि बंगली बांधायचा. बडोद्याचा पेन्शनर बडोद्यातच तयार व्हायचा. इथे राज्य होते, राज्याच्या कचेऱ्या होत्या, त्या कचेऱ्यांत मराठी कारकून, हिशेबनीस, मास्तर आणि शिलेदार होते. तीस-तीस वर्षे चाकरी झाली की हीच माणसे डोक्याची पगडी खुंटीला लावून सुरसागराच्या काठावर बसायला मोकळी होत.

हे गाव १९६० नंतर भराभर वाढू लागले, तेव्हा या काठावरच्या मंडळींना काय वाटले, आणि जे वाटले त्यात खरे किती होते, हे मला या लेखात पाहायचे आहे. मी बडोद्याच्या शाळेत इतिहास शिकवला. आता मीही पेन्शनर आहे. तेव्हा हा विषय मला थोडा अंगावरचाही आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आरंभ थोडा मागून करायला हवा. पुणे जिल्ह्यातल्या दावडी गावच्या गायकवाडांनी गुजरातेत चौथाई वसूल करायला सुरुवात केली ती अठराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात. पिलाजीराव १७३२ साली डाकोरला मारले गेले आणि १७३४ साली बडोदे कायमचे गायकवाडांच्या ताब्यात आले. त्यांच्यामागून पागा आल्या, पागांमागून हिशेब आला, हिशेबामागून आमच्यासारख्यांचे पणजोबा-खापरपणजोबा आले. म्हणजे मांडवीच्या चार दरवाज्यांच्या आत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या गुजराती वाणी, बोहरी, नागर मंडळींच्या दृष्टीने आम्हीच पहिली ‘वाढ’. आम्ही आलो तेव्हा गावकुसाबाहेर वाडे उठले, रावपुरा आणि दांडिया बाजार गजबजला, पोळींच्या गावात मराठी आळ्या उभ्या राहिल्या. त्या वेळच्या पोळीतल्या माणसांना काय वाटले असेल, ते कुणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. पण फार गोड वाटले नसावे, असे समजायला हरकत नाही. घोडदळ शेजारी राहायला आलेले कुणाला आवडते?

पेन्शनरांचे गाव खऱ्या अर्थाने घडवले ते सयाजीराव महाराजांनी. मालेगावजवळच्या कवळाण्याचा हा मुलगा १८७५ साली दत्तक आला, १८८१ च्या डिसेंबरात त्याने कारभार हाती घेतला, आणि १९३९ साली डोळे मिटेपर्यंत तो गाव बांधत राहिला. बडोदा कॉलेज, कलाभवन, न्यायमंदिर, कमाटीबाग, संगीतशाळा, गावोगावची ग्रंथालये, १९०८ साली बँक ऑफ बडोदा. १८९२ मध्ये आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले. आजवे गावाच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, आणि तिथून उताराने येणारे पाणी. आमच्या घरी या पाण्याबद्दल देवाच्या तीर्थासारखे बोलत. १९१० नंतर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी स्वतःची पुस्तके त्यात घातली, आणि ते चालवायला बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला. मराठी पुस्तकांचे तिथले घोडे-कपाट म्हणजे पेन्शनरांची दुपार. साहित्य संमेलन इथे १९०९, १९२१ आणि १९३४ अशा तीन वेळा भरले. पंचवीस वर्षांत तीनदा, तेही महाराष्ट्राबाहेरच्या गावात. रियासतकार सरदेसाई १८८९ पासून इथे चाकरीला होते. त्यांची रियासत इथल्याच नोकरीच्या फुरसतीत सुरू झाली. १९२५ साली ते निवृत्त झाले आणि बडोदे सोडून कामशेतला जाऊन राहिले. आमचे आजोबा हे उदाहरण जरा दुखावलेल्या स्वरात देत. एवढा मोठा माणूस, पेन्शन बडोद्याची आणि हवा कामशेतची!

या सुखाच्या चित्राला एक दुसरी बाजू आहे, आणि ती जनगणनेच्या तक्त्यात आहे. १८९१ साली बडोद्याची वस्ती १ लाख १६ हजारांच्या घरात होती. १९०१ साली ती १ लाख ४ हजारांच्या आत आली. १९२१ साली ९५ हजारांच्याही खाली गेली. तीस वर्षांत गाव सुमारे बावीस हजारांनी घटले. मधल्या काळात प्लेग आला, छपन्नचा दुष्काळ आला, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. ज्या निवांत, मोकळ्या, ऐसपैस बडोद्याच्या आठवणी आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकल्या, ते बडोदे माणसे मेल्यामुळेही मोकळे झालेले होते. मी हा तक्ता पहिल्यांदा वर्गात फळ्यावर लिहिला तेव्हा माझा खडू मध्येच थांबला होता. सुरसागराच्या काठच्या शांततेत निम्मा वाटा राजाच्या उदारपणाचा आणि निम्मा साथीचा, हे घरात कुणी कधी बोलले नव्हते.

शिवाय ही शांतता सगळ्यांसाठी नव्हती. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला आले. ज्या सरकारने त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, त्याच सरकारच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. ते एका पारशी उतारगृहात पारशी नाव सांगून राहिले, जात कळल्यावर लोक लाठ्या घेऊन दाराशी आले, आणि त्यांना गाव सोडावे लागले. कमाटीबागेतल्या ज्या वडाखाली ते त्या दिवशी बसले, त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. पेन्शनरांच्या गावात त्या दिवशी रिकाम्या माड्या थोड्या नसतील. गाव वाढण्याबद्दल बोलायचे तर हा प्रसंग जवळ ठेवूनच बोलावे लागते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानांच्या करारांत नोकरांच्या नोकरीची आणि पेन्शनची हमी असे, त्यामुळे ज्यांची चाकरी झाली होती ते निभावले. पंचाईत झाली ती पुढच्या पिढीची. हुजूर कचेरी उरली नाही, खासगी खात्याच्या जागा आटल्या, बदल्या मुंबई-अहमदाबादला होऊ लागल्या. १९६० च्या १ मे रोजी गुजरात वेगळा झाला आणि मराठी घरातल्या मुलाला कारकुनीसाठीसुद्धा गुजराती पक्के हवे झाले. (महाराजांच्या अमदानीतही कारभाराची भाषा गुजरातीच होती, हे मात्र आम्ही सोयीने विसरतो.) दहा-बारा वर्षांत आमच्या आळीतली किती मुले मुंबई-पुण्याला गेली ते मोजायला गेले तर बोटे पुरायची नाहीत. म्हाताऱ्यांचे गाव हे कौतुकाचे नाव राहिले नव्हते, ती वस्तुस्थिती होऊ लागली होती. झोपाळ्यावर दोन म्हातारी माणसे, आणि चौकात वाळत घातलेली दोनच धोतरे.

अशा वेळी तेल सापडले. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले, आणि ते शुद्ध करायला बडोद्याच्या वायव्येला कोयलीची जागा ठरली. मे १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. सोव्हिएत मदतीने उभारलेला हा कारखाना ऑक्टोबर १९६५ मध्ये चालू झाला. त्याच्या जोडीला खतांचा सरकारी कारखाना आला, १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स स्थापन झाली. अलेंबिक, साराभाई, ज्योती हे कारखाने आधीचे होतेच. मकरपुऱ्याला औद्योगिक वसाहत झाली. जवाहरनगर, फर्टिलायझरनगर अशा नावांच्या नव्या वसाहती उठल्या. १९६६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९५१ साली २ लाख ११ हजार असलेले गाव १९६१ ला ३ लाखांच्या आसपास, १९७१ ला ४ लाख ६७ हजारांच्या आसपास, १९८१ ला ७ लाख ३४ हजारांच्या घरात आणि १९९१ ला १० लाखांपलीकडे गेले. १९७४ साली त्याचे नावही अधिकृतपणे वडोदरा झाले. आम्ही अजून बडोदेच म्हणतो आणि म्हणत राहू, तो भाग वेगळा.

आता काठावरची मते.

आजोबा आणि त्यांचे चार-पाच सोबती रोज सायंकाळी जमत. त्यांच्या तक्रारी मी लहानपणी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आजही ओळीने सांगता येतील. आजव्याचे पाणी आता पुरणार नाही. खंडेराव मार्केटात वांगी महाग झाली. रावपुऱ्यात सायकलींमुळे रस्ता ओलांडता येत नाही. रात्री कारखान्यांच्या बाजूने वारा आला की वास येतो. ट्रेनमधून उतरणारा माणूस कुठला, कुणाचा, काही कळत नाही. आणि सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून : दुकानदार आता ‘या रावसाहेब’ म्हणत नाही.

मोठेपणी मला या यादीत दोन वेगळ्या याद्या मिसळलेल्या दिसल्या. पाणी, वास, रस्ता, महागाई ही एक. रावसाहेब ही दुसरी. महागाईची तक्रार तर अगदी हिशेबाची होती. त्या काळी पेन्शन एकदा ठरली की ठरली. महागाईप्रमाणे तिच्यात भर घालण्याची व्यवस्था नीटशी लागली ती १९७० नंतर, आणि जुन्या-नव्या पेन्शनरांत भेद करू नये हा सर्वोच्च न्यायालयाचा नकारा खटल्यातला निवाडा डिसेंबर १९८२ चा. कारखान्यातला नवा पगारदार दुप्पट भावाने भाजी घेऊ शके, ठरीव पेन्शनवाला घेऊ शकत नसे. गावाची भरभराट त्याच्या पिशवीतून वजा होत होती. याला म्हातारपणची कुरकुर म्हणून सोडून देणे हा अन्याय झाला, आणि तो तेव्हा सर्रास झाला.

पण त्याच घरात, त्याच वेळी, आजीचे मत आजोबांच्या नेमके उलट होते. ती ते बोलून दाखवत नसे. आजोबा १९६७ साली गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची पेन्शनही गेली. केंद्र सरकारने कुटुंब-निवृत्तिवेतनाची योजना १९६४ मध्ये आणली, पण तिचा लाभ आजीसारख्या जुन्या संस्थानी नोकराच्या विधवेपर्यंत आला नाही. पेन्शनरांचे गाव असे आपण म्हणतो तेव्हा हे गाव पुरुषांचे असते, ही गोष्ट मला आजीमुळे कळली. तिने तीन महिन्यांत माडी रिकामी केली, पाण्याची तोटी वर नेली, आणि कारखान्यातल्या एका केरळी इंजिनीयरला ती भाड्याने दिली. पन्नास वर्षे सोवळ्यात काढलेल्या बाईने मासे खाणाऱ्या बिऱ्हाडाला घर दिले, याची आळीत चर्चा झाली. आजीचे उत्तर एका वाक्याचे होते : भाडे पहिल्या तारखेला येते. दांडिया बाजारात आणि बाबाजीपुऱ्यात अशा किती विधवांच्या चुली माडीवरच्या भाड्यावर चालल्या याची नोंद कुठल्या सरकारी दप्तरात सापडायची नाही. वाढलेले गाव हीच त्यांची पेन्शन.

माझ्या वडिलांच्या पिढीचे मत तिसरेच. काका खतांच्या कारखान्यात लागले. बसने सकाळी जात, टिफिन घेऊन. आमच्या घरातला बडोदे न सोडलेला पहिला पदवीधर तो. ही गोष्ट आजोबांनाही ठाऊक होती, आणि कारखान्यांना नावे ठेवून झाली की काकाच्या बढतीची बातमी तेच काठावर सांगत. याला मी ढोंग म्हणणार नाही. माणसाला आपला मुलगा घरी हवा असतो आणि आपले गावही जुने हवे असते. दोन्ही मिळत नाही.

काकाच्या वसाहतीत मी प्रथम गेले तेव्हा मला जे वेगळे वाटले ते असे : तिथे घर मिळत होते हुद्द्यावर. आडनाव विचारून खोली नाकारण्याची सोय तिथे राहिली नव्हती. जातीचे काटे तिथेही होते, पंगतीत आणि लग्नांत दिसत, पण १९१७ साली जे घडले ते दाराशीच घडले होते आणि या वसाहतींनी निदान दार तरी नियमाने उघडे केले. ज्या घरांना बडोद्याच्या शांततेतून काहीच मिळाले नव्हते त्यांना या वाढीबद्दल हळहळ का वाटावी? आमच्या काठावर ती माणसे बसत नसत, म्हणून त्यांचे मत आमच्या आठवणीत नाही.

कोयली, बाजवा, करचिया, धनोरा इथल्या शेतकऱ्यांचे मतही तिथे नव्हते. गाव वाढले ते त्यांच्या जमिनीवर. तंबाखूची आणि कापसाची शेते गेली, विहिरींचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी झाल्या. कारखान्यांचे सांडपाणी थेट खंभातच्या आखातापर्यंत नेणारा ५६ किलोमीटरचा कालवा १९८३ साली झाला, तो झाला यावरूनच आधीच्या तक्रारीत तथ्य होते हे दिसते. आमची हानी रावसाहेबकीची, त्यांची हानी सात-बाराची. या दोन हानींची तुलना मी करणार नाही.

काठावरच्या मंडळींचे कुठे बरोबर होते, हे आता सांगायला हवे, कारण त्यांचे बरोबर होते ते फार महत्त्वाच्या बाबतीत. पाण्याचे त्यांचे भाकीत लवकरच खरे ठरले. आजवे अपुरे पडले आणि महीच्या पात्रात फ्रेंच विहिरी खणून शहराला पाणी आणावे लागले. दुसरे नदीचे. विश्वामित्री पावागडच्या बाजूने येते आणि जुने गाव व स्टेशन यांच्यामधून वळणे घेत जाते. बडोद्याचे जुने गाव तिच्या पूर्वेच्या उंचवट्यावर वसले ते उगाच नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या कोतरांत, म्हणजे घळींत, आणि ‘कांस’ म्हणतात त्या ओढ्यांत पावसाळ्याचे पाणी पसरायला जागा असे. १९२७ च्या जुलैचा पूर आजोबांनी पाहिलेला होता. नवे बंगले नदीकाठी उठू लागले तेव्हा ते म्हणत, ही पाण्याची जागा आहे, माणसाची नव्हे. कुणी ऐकले नाही. का ऐकावे? हेच गृहस्थ पाच मिनिटांपूर्वी दुकानदार रावसाहेब म्हणत नाही म्हणून खंतावत होते. त्यांच्या दोन याद्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की ऐकणाऱ्याने दोन्ही एकाच टोपलीत टाकल्या. गेलेल्या राज्याच्या आठवणीने उसासे टाकणारे मराठी म्हातारे, असा शिक्का बसला, आणि पुराचा अनुभव त्या शिक्क्याखाली दबला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २००५ ला पूर आला. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला आणि सोसायट्यांच्या आवारांत मगरी फिरल्या. विश्वामित्रीत मगरी शेकड्यांनी आहेत, त्यांना पत्ता विचारायची गरज पडत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर नदी धोक्याच्या रेषेच्या दहा फुटांहून वर गेली. अकोटा, मुजमहुडा, समा, फतेहगंज हे भाग दिवसेंदिवस पाण्यात होते. वीज नाही, दूध नाही. तळमजल्यावरचे वृद्ध गच्चीवर हलवले जात होते. भूखी कांस कुठून वाहत होती हे त्या आठवड्यात तरुण मुलांना प्रथमच कळले, कारण ती त्यांच्या पार्किंगमधून वाहिली.

भाषेची तक्रार मी अजून बाजूला ठेवली होती, कारण वाचक तिचीच वाट पाहत असतील. सीमाभागात वाढणाऱ्या गावाची बातमी आली की पहिला प्रश्न तोच असतो : आपले किती उरले? बडोद्यात मराठी शाळांचे वर्ग आटले, हे खरे. ते कारखान्यांमुळे आटले, असे मात्र मला वाटत नाही. काकाने आपली मुले इंग्रजी शाळेत घातली तेव्हा त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. शेजारच्या गुजराती घरानेही तेच केले, त्यांचेही वर्ग आटले. उलट वाढलेल्या गावाने आमच्या काही गोष्टी हौसेने उचलल्या. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेली माणसे चौकात उभी राहून जी शेव-उसळ खातात, ती मराठी चुलीवरून रस्त्यावर आलेली, असे आम्ही बडोदेकर अभिमानाने सांगतो. तिला आता पाव आणि तिखट तरी यांची अशी जोड मिळाली आहे की माझ्या आजीने ती ओळखली नसती. मराठी वाङ्मय परिषद टिकून आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत तिच्या पुढाकाराने ९१ वे साहित्य संमेलन बडोद्यात भरले, १९३४ नंतर चौऱ्यांशी वर्षांनी. मंडपात पांढरी डोकी जास्त होती, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही.

आणि आता या इतिहासातला मला सगळ्यात नवलाचा वाटणारा भाग. १९६५ ते १९७५ या काळात जे तरुण केरळातून, बंगालातून, आंध्रातून, विदर्भातून नोकरीसाठी इथे उतरले, ते आता निवृत्त झाले आहेत. पुष्कळसे गावी परतलेच नाहीत. मुले अमेरिकेत, गावचे घर भावांत वाटलेले, आणि हाडांना बडोद्याची सवय. पेट्रोकेमिकल्सचा कारखाना २००२ साली खासगी हाती गेला आणि २००७ मध्ये मोठ्या कंपनीत विलीन झाला. त्याच्या जुन्या नोकरांना आपल्या कंपनीचे नाव पुसले गेल्याचे दुःख आहे, आणि ते बोलू लागले की मला विलीनीकरणानंतरचे आजोबा आठवतात. गोत्री, वासणा, भायली, समा इकडे त्यांची घरे आहेत. ही घरे बांधली तेव्हा पलीकडे बाजरीची शेते होती. आता शेतांच्या जागी बारा-बारा मजल्यांचे मनोरे आले आहेत. त्यांच्या तक्रारी ऐकाव्यात : पाणी पुरत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, नव्या बिल्डिंगीत कोण राहते ते कळत नाही.

हे काही बडोद्याचेच वेड नाही. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात ‘द व्हिलेजेस’ नावाची निवृत्तांची एक प्रचंड वसाहत आहे. तिथे म्हातारी मंडळी गोल्फच्या गाड्यांतून बाजारहाट करतात. २०१० आणि २०२० च्या जनगणनांमध्ये त्या भागाची वस्ती ९३ हजारांवरून सुमारे १ लाख ३० हजारांवर गेली. अमेरिकेतल्या महानगर म्हणून मोजल्या जाणाऱ्या भागांत ही वाढ सर्वांत वेगाची ठरली. तिथे वाढ होते ती पेन्शनर येतात म्हणून. बडोद्यात ती पेन्शनरांना न विचारता झाली. तिथल्या जुन्या माणसांनाही नवी माणसे, गर्दी आणि रस्ते यांची चिंता असणार. आधी आलेला पेन्शनर नंतर आलेल्या पेन्शनरावर नाराज, एवढाच काय तो फरक.

बडोद्यात दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांग लागते. हल्ली घरबसल्या मोबाइलवरही ते काम होते म्हणतात, पण बोटांचे ठसे पुसट झालेल्यांना यंत्र ओळखत नाही, त्यामुळे रांग आहेच. २०२४ च्या नोव्हेंबरात मी रांगेत उभी होते. पुढे जिल्हा पंचायतीतून निवृत्त झालेल्या एक गुजराती बाई, त्यांच्या पुढे १९६८ साली कोट्टयमहून आलेले एक गृहस्थ, मागे आमच्या आळीतले एक जुने मास्तर. बोलणे पुराचे चालले होते. ज्याने त्याने आपापल्या घरी पाणी कुठवर आले ते हाताने दाखवले : बाईंनी गुडघ्याला हात लावला, कोट्टयमच्या गृहस्थांनी छातीला. मास्तरांच्या घरी पाणी आलेच नव्हते, ते जुन्या गावात राहतात. ‘पहेलां आवुं न हतुं,’ कोट्टयमचे गृहस्थ स्वच्छ गुजरातीत म्हणाले. मास्तरांनी विचारले, पहेलां म्हणजे केव्हा? गृहस्थ हसले, आणि खिडकीवरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला.